मामीच्या हातची सही

आमच्या घराण्यात गाडी चालवता येणारी मी एकटी, आणि गाडी असलेलीही मीच. ती गाडीसुद्धा धड माझी नाही, शिकवणीची आहे. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि शेजारच्या सीटपुढे एक जास्तीचा ब्रेक. लोकांना गाडी शिकवणं हा माझा धंदा. पण नातेवाइकांचा पक्का समज आहे की त्यांना दवाखाने, बँका आणि सरकारी कचेऱ्या फिरवून आणणं हा माझा धंदा आहे आणि शिकवणी मी हौसेखातर करते. त्यामुळे मामा निवृत्त झाला आणि मामामामींचा जोडीचा अर्ज द्यायची वेळ आली, तेव्हा मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मामीनं फोन करून वार आणि वेळ सांगितली आणि येताना पाण्याची बाटली आण म्हणाली.

मामा लिफ्टचा मिस्त्री होता. सरकारी इस्पितळातल्या पाच लिफ्ट त्यानं एकेचाळीस वर्षं चालत्या ठेवल्या. इस्पितळात त्याला सगळे 'तळमजला' म्हणायचे, कारण त्याला साधं किती वाजले विचारलं तरी तो तळमजल्यापासून सांगायला सुरुवात करायचा. स्वतः राहायचा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबून तो बांधणाऱ्याच्या अकलेबद्दल एक वाक्य बोलायचा. अशी एकूण आठ वाक्यं होती आणि आम्हा भाचरांना ती लहानपणापासून पाठ आहेत. त्याचे हात कायम ग्रीसनं माखलेले. ते ग्रीस साबणानं जायचं नाही, रॉकेलनं जायचं नाही. घरात तो दाराची कडी कोपरानं काढायचा आणि पेपर मामीकडून वाचून घ्यायचा.

सहीची भानगड सुरू झाली ती या ग्रीसमुळेच. लग्नाच्या नोंदणीला मामा अडकलेली लिफ्ट सोडवून तसाच धावत आला होता. हातात पेन ठरेना, म्हणून नोंदणीच्या माणसानं त्याला अंगठा लावायला सांगितला, आणि त्यासाठी शाई लागली नाही. पुढच्याच आठवड्यात नोकरी कायम झाल्याचा कागद सहीसाठी घरी आला. मामीनं तो त्याच्यापासून हातभर लांब धरला. लग्नाआधी ती एका कंपनीत पाकिटांवर पत्ते लिहायच्या कामाला होती, दिवसाला गठ्ठेच्या गठ्ठे, आणि कागदावर डाग पडला तर तिला तो स्वतःच्या अंगावर पडल्यासारखा लागायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं मामासाठी पाच सह्या तयार केल्या आणि त्याला त्यातली एक निवडायला सांगितली. मामानं तिसरी निवडली. ती बघून माणूस जबाबदार वाटतो, असं त्याचं म्हणणं पडलं. पहिल्या अक्षराला सुटलेलं पोट, मग तीन लाटा, शेवटी लांब शेपूट आणि शेपटीखाली दोन टिंबं.

तेव्हापासून ती सही मामीच करत आली. इस्पितळात हजेरीला पितळी बिल्ला खिळ्याला टांगायचा असे, त्यामुळे कामावर सहीचा प्रश्न नव्हता. बाकी सगळं, म्हणजे बँक, घराचा करार, विमा, माझ्या वडिलांशी झालेल्या भांडणानंतरचं माफीचं पत्र, हे त्या टेबलावर व्हायचं. मामी सही करायची, मामा लांबून वाकून बघायचा आणि म्हणायचा, छान आलीय माझी. यात काही वावगं आहे असं कधी कोणाला वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं, कारण दिवसभर लोकांच्या चुका काढण्यावरच माझं पोट चालतं, पण मलाही वाटलं नाही.

आता योजना काय आहे ते सांगते. नोकरी संपली की नोकरदाराला निवृत्तिवेतन मिळतं. त्याच्या जोडीदाराला स्वतःचं निवृत्तिवेतन नसेल, तर त्या वेतनाच्या निम्मा भत्ता जोडीदाराला वेगळा मिळतो. तो जोडीदाराच्या नावानं मंजूर होतो, मंजुरीचं पत्र जोडीदाराच्या नावानं येतं, आणि ते पत्र दाखवलं की जोडीदाराच्या एकट्याच्या नावावर खातं उघडून मिळतं. अट अशी की दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा, दोघांनी एकाच दिवशी खिडकीपुढे सह्या करायच्या, आणि हे सगळं निवृत्तीपासून सहा महिन्यांच्या आत उरकायचं. सहा महिने उलटले तर नवऱ्याचं वेतन आज ना उद्या सुरू होतं, पण बायकोचा भत्ता कायमचा बुडतो. माहितीपत्रकात हे सगळ्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि मामीनं सगळ्यात आधी तेच वाचलं.

मामीला त्या भत्त्याची फार आस लागली होती. तिचे डोळे इतके लकाकत होते की मला वाटलं हिनं काहीतरी खरेदी ठरवलीय. का, ते तिनं पहिल्या दिवशी गाडीत सांगितलं.

"आमच्या दारात आजवर जे पाकीट आलं ते ह्यांच्या नावानं आलं," मामी मागच्या सीटवरून म्हणाली. "लग्नपत्रिकासुद्धा ह्यांच्या नावानं, सहकुटुंब. त्या सहकुटुंबात मी. अख्ख्या जगाची नावं लिहिली गं मी पाकिटांवर. एकदा तरी नुसतं माझं नाव लिहिलेलं काहीतरी घरात यावं. आत काही का असेना."

मामा पुढे माझ्या शेजारी बसला होता आणि त्याचा पाय जास्तीच्या ब्रेकवर होता. ब्रेक दिसला की तो लागतो की नाही हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्या दिवशी कचेरीपर्यंत आम्ही अकरा वेळा मध्येच थांबलो आणि मागच्या गाड्यांनी माझ्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला.

अर्ज चौदा पानी होता आणि तो मामीनं महिनाभर आधीच भरून ठेवला होता. त्यात प्रश्न मोठे मजेशीर होते. 'विवाह चालू आहे काय? असल्यास कोणत्या कारणाने?' इथे मामीनं बराच विचार करून 'सवय' असं लिहिलं होतं. 'जोडीदार हयात आहे काय? नसल्यास केव्हापासून? (उत्तर जोडीदाराने स्वतः लिहावे.)' इथे नुसतं 'आहे'. आणि तेराव्या पानावर, 'अर्जदार व जोडीदार या दोन वेगवेगळ्या व्यक्ती आहेत काय?' मामीनं इथे ताबडतोब 'होय' लिहिलं. मामाचं म्हणणं होतं की इतकी घाई नको करायला. आम्ही त्याच्याकडे नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं.

खिडकी क्रमांक चारमध्ये एक बाई होत्या. बोटाला रबरी टोपण, चष्म्याला दोरी, समोर ओला स्पंज. त्या खेकसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, कारण मला भांडता येतं. पण बाई अतिशय सभ्य होत्या आणि त्यांनी चौदाच्या चौदा पानं वाचली. 'सवय' वाचल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. मग त्यांनी पेन मामापुढे केलं.

निवृत्तीला पाच महिने होत आल्यामुळे मामाचे हात जन्मात पहिल्यांदा स्वच्छ होते. त्यानं पेन पान्यासारखं मुठीत धरलं, खांद्यापासून जोर लावला आणि सही केली. जे उमटलं त्याला पाय होते, निदान सहा तरी, आणि ते सगळं कागदावरून खेकड्यासारखं तिरकं निघालं होतं. बाईंनी फाइल काढली. फाइलमध्ये मामाच्या त्रेसष्ट सह्या होत्या, एकसारख्या, पोट, लाटा, शेपूट, टिंबं. बाईंनी आळीपाळीनं दोन्हीकडे बघितलं आणि सही जुळत नाही असं हळू आवाजात सांगितलं.

मामी मागे उभी होती. एकेचाळीस वर्षांची सवय. ती "द्या इकडे" म्हणाली, मामाच्या हातातलं पेन घेतलं आणि बाईंच्या डोळ्यांदेखत, खेकड्याच्या बरोबर खाली, सुरेख सही ठोकली. टिंबंसुद्धा जागच्या जागी. बाईंनी ती पट्टी लावून तपासली. मग चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"म्हणजे अर्जदार तुम्ही आहात," बाई मामीला म्हणाल्या. आणि मामाकडे वळून त्यांनी अदबीनं विचारलं, "मग आपण कोण?"

मामानं तळमजल्यापासून सुरुवात केली. मी त्याला गप्प करून ओळखपत्र पुढे केलं, फोटो दाखवला, हा माणूस आणि हा फोटो एकच आहेत हे कोणीही सांगेल म्हणाले. बाईंचं म्हणणं असं की फोटो माणसाबरोबर म्हातारा होतो, सही होत नाही, म्हणून सरकार सही मानतं. मी म्हटलं, अहो, एकेचाळीस वर्षं बायकोनं लिफ्ट दुरुस्त केल्या असं वाटतं का तुम्हाला? बाई म्हणाल्या की वाटण्यासाठी अर्जात जागा नाही. तरी माझं समाधान व्हावं म्हणून त्या उठून साहेबांना विचारायला गेल्या.

साहेब पडद्यामागे बसत. आम्हाला त्यांचे फक्त बूट दिसले, पुढेही कधी बुटांपलीकडे ओळख झाली नाही. बाईंनी दोन मार्ग आणले. एक, मामीलाच लिफ्टचा मिस्त्री मानायचं आणि मामाला जोडीदार. मग निवृत्तिवेतन मामीला आणि निम्मा भत्ता मामाला. नाव अर्थात रेकॉर्डमधलंच राहील, माणूस तेवढा बदलेल. दोन, मामानं रेकॉर्डप्रमाणे सही करून दाखवायची. त्यासाठी तीन संधी असतात, दोहोंमध्ये पंधरा दिवसांचं अंतर असतं, आणि पहिली आत्ताच खर्च झाली. तिसरी हुकली तर फाइल पडताळणी कक्षात जाते. तिथून फाइल परत आलेली बाईंनी त्यांच्या नोकरीत पाहिलेली नव्हती.

मामाला पहिला मार्ग चालणार होता. जोडीदार व्हायला त्याची काहीच हरकत नव्हती, उलट त्यात कष्ट कमी आहेत असं त्याला दिसलं. मामी मात्र पांढरीफटक पडली. एक तर ती लिफ्टला इतकी घाबरते की इस्पितळात नवऱ्याला डबा द्यायलाही जिन्यानं जायची. पण तिला लागलं ते वेगळंच. भत्ता मामाच्या नावानं आणि वेतनही मामाच्याच नावानं. एवढं सगळं करून पाकिटावर पुन्हा तेच नाव, फक्त ह्या वेळी ती स्वतःच ते नाव झालेली.

सहीची शिकवणी दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायची होती, पण मामा रुसला. कारण फाइल चाळताना बाईंनी सहज एक कागद वाचून दाखवला होता. नोकरीच्या सोळाव्या वर्षी मामाला पर्यवेक्षकाची जागा देऊ केली होती आणि त्यानं ती प्रकृतीच्या कारणास्तव नम्रपणे नाकारली होती. खाली पोट, लाटा, शेपूट, टिंबं. मामाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याची प्रकृती तेव्हा ठणठणीत होती. दोन दिवस त्यानं पेनाला हात लावला नाही आणि ब्रेकलाही नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी मध्यस्थी करायला गेले तेव्हा तो खिडकीशी पाठ करून बसला होता. त्यानं मामीकडे न बघता विचारलं, मी नाकारली का ती जागा?

"टेबलाशी बसवलं असतं त्यांनी तुम्हाला," मामी म्हणाली. "लिफ्टपासून तीन खोल्या लांब. वर्षभरात वाळून गेला असतात. आणि मी विचारलं असतं तर माझ्याकडे बघून तुम्ही हो म्हणाला असतात. म्हणून नाही विचारलं."

मामा संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. मला वाटलं आता काही हा अर्ज होत नाही. मग त्यानं एकाएकी सांगितलं की ती जागा त्यानं पाहिली होती, तिथे खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे होती आणि लिफ्टचा आवाजसुद्धा येत नसे. मी बरोबर नाकारली, असं म्हणून त्यानं पेन मागितलं. मी आयुष्यात पुष्कळ समझोते पाहिले आहेत, माझी स्वतःचीही दोन लग्नं झाली, पण इतका झटपट आणि इतका वेडपट समझोता पाहिला नाही. मला दोघांचा हेवा वाटला.

शिकवणीला मामीकडे संयम नव्हता आणि मामाकडे बोटं नव्हती, नुसते पंजे होते. शेवटी त्यानं सही आपल्या पद्धतीनं समजून घेतली. पोट म्हणजे लिफ्टचं समतोलाचं वजन. तीन लाटा म्हणजे तीन मजले, प्रत्येक मजल्यावर थांबा. शेपूट म्हणजे दोर, तो सैल सुटता कामा नये, आणि दोन टिंबं म्हणजे खड्ड्याच्या तळाशी बसवलेल्या स्प्रिंगा. असं म्हटल्यावर त्याचा हात वळायला लागला. मीही शेजारी बसून धंद्याप्रमाणे सूचना देत होते, वळणावर हळू, नजर पुढे ठेव, पेन दाबू नकोस. नापास झालेल्या शिकाऊंचे जुने फॉर्म माझ्याकडे ढिगानं होते, त्यांच्या कोऱ्या पाठींवर मामानं दोन आठवड्यांत हजारभर सह्या पाडल्या. मधूनच तो बंड करायचा. माझीच सही आहे, मी कशीही करीन, म्हणायचा. मामी सांगायची की तुमची आहे, पण केलीय मी, आणि टिंबं वर जातायत.

पंधरा दिवसांनी आम्ही खिडकीपुढे उभे राहिलो. मामानं श्वास रोखला, तळमजल्यावरून निघाला, तीन मजले घेतले, दोर सोडला, स्प्रिंगा बसवल्या. सही इतकी हुबेहूब आली की मामीच्या घशातून बारीक आवाज निघाला. बाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी फाइल उघडली, वरचा कागद बघितला आणि त्यांचं हसू विरलं. नियमाप्रमाणे सर्वांत अलीकडचा नमुना ग्राह्य धरायचा असतो, आणि सर्वांत अलीकडचा नमुना होता खेकडा. मामानं तो त्यांच्यासमोर केलेला, तारीख-वेळेसकट नोंदवलेला. ही नवी सही त्याच्याशी अजिबात जुळत नव्हती.

इथे माझा तोल गेला. मी काय बोलले ते लिहीत नाही, पण शिकाऊ मुलानं भर चौकात गाडी उलटी घातली तरी मी तसं बोलत नाही. बोलता बोलता मी खिडकीवर हात आपटला. खिडकीला काच नव्हती हे मला आठवलं नाही. हात सरळ आत गेला आणि ओल्या स्पंजात बसला. बाईंनी मला हात पुसायला कागद दिला आणि पुन्हा पडद्यामागे गेल्या. बूट बराच वेळ हलत होते. शेवटी साहेबांनी तोडगा पाठवला की अर्जदारानं पुढच्या वेळी दोन्ही सह्या शेजारी-शेजारी कराव्यात, डावीकडे पूर्वीची आणि उजवीकडे अलीकडची. दोन्ही जुळल्या तर माणूस तोच आहे असं समजण्यात येईल.

घरी येऊन बघतो तर मामाला खेकडा जमेना. हात आता वळणावर आला होता, तो बिघडायलाच तयार नव्हता. पाय यायचे तर चार यायचे, तिरकं जायचं ते सरळ जायचं. बाईंनी दिलेली नमुन्याची प्रत मामीनं पुढे ओढली, मिनिटभर निरखली आणि पहिल्या फटक्यात खेकडा उतरवला, सहा पायांचा. मग पुढचे पंधरा दिवस मामा आपलं स्वतःचं वाईट अक्षर बायकोकडून शिकला. ती त्याला ओरडायची की असं नीटनेटकं कशाला काढताय, तुम्ही आहात ना हे, जरा धसमुसळं काढा. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं मला जिन्यात थांबवून विचारलं की घरात सगळं ठीक आहे ना.

तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा मुदत संपायला चार दिवस उरले होते. मामी मागे पिशवी छातीशी धरून बसली होती आणि मामानं एकदाही ब्रेक दाबला नाही. आता हुकलं तर त्याचं वेतन कधीतरी सुरू झालंच असतं. तिचं काही झालं नसतं. हे तिघांनाही माहीत होतं.

मामानं डावीकडे मिस्त्रीची जुनी सही काढली आणि उजवीकडे खेकडा. बाईंनी पट्टी लावली, भिंग लावलं, डावं त्रेसष्ट सह्यांशी ताडलं, उजवं एकाशी. मग त्यांनी शिक्का उचलला आणि दाबला. मामा स्वतःच असल्याचं सिद्ध झालं. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं की आता मी चालेन का मिस्त्री म्हणून.

"आता जोडीदार," बाई म्हणाल्या आणि पान मामीपुढे सरकवलं.

मामीनं पेन घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि झपझप सही केली. पोट, तीन लाटा, शेपूट, दोन टिंबं.

मामीनं खाली बघितलं. चुकलं, असं म्हणाली आणि ओशाळून हसली. बाईंनी ते पान बाजूला ठेवून नवीन दिलं. मामीनं ह्या वेळी सावकाश पेन टेकवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पोट सुटायला लागलं. दुसऱ्या लाटेवर ती थांबली. बाईंनी तिसरं पान काढलं आणि सांगितलं की जोडीदाराचं हे शेवटचं कोरं पान आहे, नवीन मागवायला आठ दिवस लागतात.

मला आधी रागच आला. म्हटलं, इथपर्यंत येऊन ही काय थट्टा चालवलीय. तोंड उघडणार तेवढ्यात मला मामीचा चेहरा दिसला. ती घाबरली होती. रेकॉर्डमध्ये माझी कशी आहे ते जरा दाखवा, असं तिनं बाईंना विचारलं. बाईंनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली. लग्नाच्या नोंदीत मामाच्या नावापुढे काळा अंगठा होता, आणि मामीच्या नावापुढे तिच्या वडिलांची सही. त्या काळी मुलीच्या वतीनं वडील करत. शाळेच्या दाखल्यावरही तेच. पत्ते लिहिण्याच्या नोकरीत गठ्ठे मोजून घेत, सही कोणी मागितली नव्हती. त्यानंतरच्या कागदांवर सगळीकडे मामा.

"माझी सहीच नाहीये," मामी म्हणाली.

मामा उठला. त्याचा चेहरा पडला होता. त्यानं एकेचाळीस वर्षांत हे कधी बघितलं नव्हतं आणि आता एकदम बघितलं, असं मला स्पष्ट दिसलं. मी काढून देऊ का तुला एक, असं तो चाचरत म्हणाला. मामी त्याला नको म्हणाली, तुम्ही बसा. तो बसला. मागे रांग वाढली होती. कोणीतरी घसा खाकरला, तेव्हा मी मागे वळून त्या गृहस्थांकडे असं बघितलं की पुढे पूर्ण रांगेत कोणी खोकलं नाही. माझे दोन शिकाऊ तिकडे माझी वाट बघत खोळंबले होते. खोळंबू देत म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसलं असतं तरी चाललं असतं.

मामीनं पेन कागदापासून बोटभर वर धरलं होतं. हात सारखा डावीकडे त्या पोटाकडे जायला बघायचा आणि ती तो मागे घ्यायची. असं तीनदा झालं. मग तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि आपलं नाव लिहायला सुरुवात केली. एकेक अक्षर, सुटं सुटं. लाट नाही, शेपूट नाही. मामीचं अक्षर मी जन्मापासून ओळखते, पण त्या दिवशी ते वाकडं आलं. काना लांब गेला, वरची रेघ मध्येच तुटली. तिनं ती पुन्हा जोडली नाही. पूर्ण नाव लिहून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं आणि तळहात साडीला पुसला.

बाईंनी पान आपल्याकडे वळवून वाचलं.

"ही सही आहे की नाव?"

"सध्या नावच आहे," मामी म्हणाली. "सही व्हायला वेळ लागेल."

बाईंनी सवयीनं पट्टी उचलली आणि मग कशाशी ताडायचं ते न कळून तशीच हातात धरली. पानाच्या तळाशी दोन चौकोन होते, 'जुळते' आणि 'जुळत नाही'. पडद्याखाली बूट होते. बाईंनी त्या दिशेला बघितलं नाही. पट्टी खाली ठेवली आणि 'जुळते'च्या चौकोनात खूण केली.